यंत्र आलं, पण मूल ते वापरत नाही: नेमकं कुठे अडतंय?

“दोन महिने झाले आणून. पहिले आठ दिवस हात लावला, मग बघेनासाच झाला. आता कपाटात आहे.”

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. न बोलणाऱ्या मुलांना बोलकं यंत्र मिळवून द्यायचं आणि ते त्यांच्या रोजच्या जगण्यात रुजवायचं, हे माझं काम. यंत्र म्हणजे टॅबवरचं अ‍ॅप असेल, खास त्यासाठीच बनवलेलं डिव्हाइस असेल, नाहीतर नजरेवर चालणारा स्क्रीन असेल. चित्र किंवा शब्द निवडला की तो मोठ्याने बोलला जातो, एवढं सगळ्यांत सारखं. ते मिळावं म्हणून आईवडिलांनी खूप खेटे घातलेले असतात. म्हणून ते कपाटात गेलं की घराचा धीर खचतो आणि कोणीतरी म्हणतं, “त्याला जमणार नाही बहुतेक.”

मी तपासायला बसते तेव्हा अडचण बहुतेक वेळा मुलाच्या बाहेर सापडते. कुठे बघायचं, ते मी ज्या क्रमाने बघते त्याच क्रमाने लिहिते.

आधी पाच मिनिटांची तपासणी

चार्जिंग आहे का? आवाज पूर्ण आहे का? म्यूट तर नाही ना? आणि ब्लूटूथ कुठे जोडलेलं आहे? एका घरात यंत्राचा आवाज कित्येक दिवस आतल्या खोलीतल्या स्पीकरवर जात होता आणि तो स्पीकर बारीक आवाजावर ठेवलेला होता. मुलगी बटण दाबायची, वर बघायची, काहीच घडायचं नाही. तिने दाबणं सोडलं. ती बरोबरच वागली. आपण हाक मारावी आणि कोणी वळूच नये, असं रोज झालं तर आपणही हाक मारणं सोडू.

दुसरं, त्याच टॅबवर कार्टून चालतात का? चालत असतील तर मुलाच्या लेखी ती कार्टूनची पाटी आहे, मध्येच कोणीतरी त्यावर शब्द आणून त्याचा खेळ बिघडवतं. बोलण्याचा टॅब फक्त बोलण्यासाठी ठेवा. आयपॅडवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ आणि अँड्रॉइडवर ‘अ‍ॅप पिनिंग’ची सोय असते. ती चालू केली की मूल अ‍ॅपमधून बाहेर पडत नाही.

तिसरं, यंत्र आत्ता, या क्षणी कुठे आहे? मुलाच्या हाताच्या टप्प्यात नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. चालतं-फिरतं मूल असेल तर खांद्यावर पट्टा, बसून असेल तर खुर्चीला स्टँड. “लागेल तेव्हा देतो” असं मला सांगतात. पण ते कधी लागेल हे मुलाने सांगायचं कशाने?

“बघतच नाही त्याच्याकडे”

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. आणि मी उलट विचारते, “तुम्ही त्यावर दिवसातून किती वेळा बोलता?”

इथे बहुतेक जण गोंधळतात. आम्ही कशाला बोलायचं? आम्हाला तर बोलता येतं.

एक हिशोब बघा. या क्षेत्रात तो वाचातज्ज्ञ जेन कॉर्स्टन यांच्या नावाने सांगितला जातो. बोलत्या घरातलं बाळ रोज आठ तास बोलणं ऐकतं असं धरलं, तर दीड वर्षाचं होईपर्यंत त्याच्या कानावर ४,३८० तास भाषा पडते. त्यानंतर कुठे ते दोन-चार शब्द बोलतं आणि आपण कौतुकाने सगळ्यांना सांगतो. आता न बोलणारं मूल घ्या. त्याला चित्रांची भाषा दिली. ती त्याच्यासमोर कोण वापरतं? आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, फक्त थेरपिस्ट. या वेगाने ४,३८० तास भरायला ८४ वर्षं लागतील. आणि आपण दोन महिन्यांत म्हणतो, जमत नाही.

म्हणून पहिला उपाय हाच: तुम्ही बोला. तोंडाने बोलता बोलता एखादा शब्द यंत्रावरही दाबा. आम्ही याला मॉडेलिंग म्हणतो. “चल, बाहेर जाऊ या” म्हणताना ‘बाहेर’ दाबा. ग्लास रिकामा झाला, ‘संपलं’ दाबा. चप्पल सापडत नाही, ‘कुठे’ दाबा. सगळं वाक्य दाबायच्या फंदात पडू नका, तुम्ही तिथेच थकाल. मूल अजून एकही शब्द दाबत नसेल तर तुम्ही एकच दाबा. ते एक दाबायला लागलं की तुम्ही दोन.

मॉडेलिंग करताना मुलाकडून काही मागायचं नाही, ही यातली खरी कठीण गोष्ट. “आता तू दाब बरं”, “हे काय आहे, दाखव”, “बोल, मग देते”... हे आपल्या तोंडात इतकं बसलेलं असतं की निघता निघत नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच करायचे. चित्र दाखवायचं, “पंखा कुठाय?” विचारायचं, बरोबर दाबलं की शाबासकी. एक मुलगा मी समोर बसले की यंत्र दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवायचा. मला वाटायचं, चिडका आहे. पुढे लक्षात आलं की माझ्या हातात ते यंत्र म्हणजे परीक्षा होती. पंखा कुठे आहे हे मलाही दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

दाबल्यानंतर थांबा. मनात दहापर्यंत मोजा, सावकाश. मुलाला ऐकायचं, शोधायचं, हात उचलायचा, नेमका न्यायचा असतो. आपण तिसऱ्या सेकंदाला पुढचा प्रश्न विचारतो आणि त्याची सगळी तयारी वाया जाते.

आणि हात धरून दाबून घेऊ नका. बटण कसं दाबायचं हे यंत्राशी ओळख होताना एखाद्या वेळी दाखवणं वेगळं. पण त्याचं बोट तुमच्या मुठीत असेल तर निघालेला शब्द कोणाचा? हात किंवा कोपर धरून टाइप करवून घेण्याच्या पद्धती मधून मधून मोठ्या आशेने पुढे येतात. त्यातून निघणारी वाक्यं मुलाची नसून आधार देणाऱ्याची असतात असं चाचण्यांत दिसल्यावर, अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन या तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये त्या वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं. मुलाच्या तोंडी आपले शब्द घालण्याइतका मोठा अन्याय नाही, मग तो कितीही मायेने केलेला असो.

“फक्त खाऊ मागतो, बाकी काही नाही”

स्क्रीन उघडून बघा. त्यावर खाऊ सोडून दुसरं काय आहे?

मी बघते त्या कित्येक यंत्रांवर पहिल्या पानावर दहा-बारा खायच्या वस्तू, चार खेळणी आणि ‘शू’ असते. म्हणजे आपण त्याला मागण्याचं दुकान दिलं. भाषा दिली नाही. २००३ मध्ये मेहेर बनाजी आणि सहकाऱ्यांनी ५० लहानग्यांचं रोजचं बोलणं नोंदवलं होतं. त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांच्या यादीत एकही वस्तूचं नाव नव्हतं. मी, नाही, माझं, ते, काय, इथे, अजून, मदत, संपलं, अशा अर्थाचे शब्द होते. कुठेही, कोणाशीही, कशाबद्दलही चालणारे. या शब्दांना आम्ही कोअर शब्द म्हणतो.

मराठीत मी सुरुवातीला हे हमखास ठेवते: पाहिजे, नको, अजून, थांब, झालं, दे, बघ, ये, जा, परत, मी, मला, माझं, तू, काय, कुठे, मदत, आवडलं, दुखतंय. पाहिजे आणि नको ही जोडी तर आपल्या भाषेने या मुलांसाठीच घडवल्यासारखी आहे. मुलगा असो, मुलगी असो, ‘नको’ तेच राहतं.

आणि यातला कुठला शब्द आधी? पुष्कळ जण ‘पाहिजे’ म्हणतील. माझं मत ‘थांब’ आणि ‘नको’ यांच्या बाजूने आहे. कारण ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याच्या अंगाशी दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी करत असतं. कपडे घालतं, तोंड पुसतं, उचलतं, बसवतं. त्याला विचारत कोणी नाही.

सहा-सात वर्षांचा एक मुलगा होता. नखं कापायची म्हटली की घरात रण माजायचं. दोघांनी धरायचं, एकाने कापायचं. मी त्याच्या आईला म्हटलं, यंत्र मांडीशी ठेवा, ‘थांब’ दाखवा, आणि त्याने दाबलं की खरंच थांबा. नेलकटर खाली ठेवायचा. आईला पटेना. “मग नखं कापून कधी होणार?” पण तिने करून बघितलं. अंगठ्याचं नख कापलं. तिनेच ‘थांब’ दाबलं आणि नेलकटर जमिनीवर ठेवला. तो बघत राहिला. दुसरं नख. ती पुन्हा दाबणार इतक्यात त्याचं बोट आलं. थांब. आईने हात वर केले. तो नेलकटरकडे बघतोय, आईकडे बघतोय, पुन्हा नेलकटरकडे. थोड्या वेळाने त्याने आपणच हात पुढे केला. त्या दुपारी दहा नखांना त्याने अकरा वेळा ‘थांब’ म्हटलं आणि अकराही वेळा आई थांबली. त्याला धरायला दुसरं कोणी लागलं नाही. यंत्र कपाटातून बाहेर आलं ते त्या दिवशी.

मुलाने ‘नको’ म्हटलं आणि गोष्ट टाळता येण्यासारखी नसेल, औषधासारखी, तर तेही त्याच्याच भाषेत सांगा: “नको म्हणालास, ऐकलं मी. औषध घ्यावंच लागेल. मग झालं.” ‘झालं’ दाबा. शब्द ऐकला गेला हे त्याला कळलं पाहिजे.

“तेच बटण शंभर वेळा दाबतो”

दाबू द्या. बाळ ‘बाबाबाबा’ करत असतं तेव्हा आपण त्याला गप्प करत नाही. मूल या यंत्रावर तेच करतंय, आवाज काढून बघतंय. त्याला अर्थ द्या. ‘कुत्रा, कुत्रा, कुत्रा’ आलं तर “कुत्रा? कुठाय कुत्रा? चल बघू खिडकीतून.” अर्थ मिळत गेला की कधीतरी कुत्रा दिसल्यावरच ‘कुत्रा’ येतो.

वर्गात किंवा झोपायच्या वेळी त्रास होत असेल तर आवाज कमी करा, पण यंत्र काढून घेऊ नका. बटणं लपवू नका. शिक्षा म्हणून तर मुळीच नको. बोलक्या मुलाने बडबड केली म्हणून आपण त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावत नाही.

“बोट भलतीकडेच पडतं”

इथे बसण्यापासून सुरुवात करा. पाय लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाही. पावलांखाली टेका, पाठीला आधार, कोपर टेकवायला जागा. यंत्र टेबलावर आडवं न ठेवता कलतं करा. खिडकीचा उजेड स्क्रीनवर चमकत नाही ना, हे मुलाच्या जागी डोकं नेऊन बघा. उभ्याने बघितलं तर दिसत नाही.

मग सेटिंग. स्पर्श होताक्षणी शब्द बोलायचा की बोट उचलल्यावर, हे बहुतेक अ‍ॅपमध्ये बदलता येतं. किती वेळ दाबून ठेवलं तर धरायचं, तेही बदलता येतं. हात घसरत जाणाऱ्या मुलाला थोडा जास्त वेळ ठेवा, पटकन टोचणाऱ्याला कमी. शेजारची बटणं लागत असतील तर कीगार्ड बसवा. स्क्रीनवर बसणारी भोकाभोकांची पारदर्शक जाळी असते ती, तिच्यावर हात टेकवूनही नेमकं बटण दाबता येतं. हे सगळं करूनही हात साथ देत नसेल तर तो हट्ट सोडा. एका स्विचवर चालणारं स्कॅनिंग आहे (बटणं एकेक करून उजळतात, हवं ते आलं की स्विच दाबायचा), डोक्याने दाबायचा स्विच आहे, नजरेवर चालणारी यंत्रं आहेत. यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे हातांच्या आणि रोजच्या हालचालींवर काम करणारा थेरपिस्ट, सोबत हवाच.

एक चूक मात्र फार होते. बोट चुकतंय म्हणून स्क्रीनवर चारच मोठी बटणं ठेवायची, ती जमली की आठ, मग सोळा. प्रत्येक वेळी सगळ्या शब्दांच्या जागा बदलतात. आपण कीबोर्डवर न बघता टाइप करतो कारण बोटांना जागा पाठ झालेल्या असतात. या मुलांचंही तसंच होतं. ‘थांब’ कोपऱ्यात शिकला आणि पुढच्या महिन्यात तो मधल्या ओळीत गेला, तर त्याच्यासाठी तो शब्द हरवला. म्हणून मोठी मांडणी आधीच ठरवायची, सगळे शब्द आपापल्या कायमच्या जागी ठेवायचे, आणि सुरुवातीला नको असलेले झाकायचे. पुढे एकेक उघडत जायचा. जागा हलवायची नाही.

मराठीच्या खास अडचणी

बरीचशी अ‍ॅप मुळात इंग्रजीसाठी रचलेली असतात आणि मराठी त्यांत वरून ओतलेली असते. मग मूल ‘मी’ आणि ‘पाहिजे’ दाबतं आणि यंत्र म्हणतं, “मी पाहिजे.” इंग्रजीत ‘मी’ आणि ‘मला’ दोन्हीकडे ‘I’ या एका बटणात भागतं, आपल्याला ती दोन वेगळी लागतात, आणि शिवाय ‘माझं’. ती तीन बटणं पहिल्या दिवशीच करून घ्या. क्रियापदं आपल्याकडे शेवटी येतात, म्हणून मी ती उजवीकडे ठेवते. हातही त्याच दिशेने जातो. वर म्हटलं तसं, हे आधी ठरवायचं. मागाहून नाही.

‘जातो’ की ‘जाते’? मुलगा असेल तर त्याच्या यंत्रावर ‘जातो’ हवं, आणि हे कोणीतरी बसून एकेक तपासावं लागतं. मुलग्याच्या यंत्राने बायकी आवाजात “मी जाते” म्हटलं की भावंडं हसतात, आणि ते हसू मुलाला बरोबर कळतं.

आवाज मराठीचा नसेल, हिंदीचा लावलेला असेल, तर ‘माझं’, ‘झालं’ असे शब्द कानाला खटकतात. काही अ‍ॅपमध्ये बटणावर एक लिहून उच्चारासाठी वेगळं लिहिता येतं, ते वापरा. किंवा आवाज रेकॉर्ड करा, पण स्वतःचा नको. त्याच्या वयाच्या, त्याच्यासारख्या मुलाचा किंवा मुलीचा करा. आईच्या आवाजात “आई, इकडे ये” ऐकताना आईलाही विचित्र वाटतं.

बटणावर ‘दे’ आहे आणि समोर आजोबा आहेत, मग ‘द्या’ हवं का, असं एका घरात मला विचारलं. मी म्हटलं, आधी तो आजोबांशी बोलू दे. आजोबांनी त्याच्या पहिल्या ‘दे’ला लगेच हात पुढे केला. मान दुसऱ्या वर्षी शिकवता येतो.

“यंत्र दिलं तर तोंडाने कधीच बोलणार नाही”

ही भीती घरातल्या मोठ्या माणसांना असते आणि ती मायेपोटी असते, म्हणून तिला फटकारू नका, उत्तर द्या. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यांत भक्कम पुरावा असलेले २७ जण होते. यंत्र, चित्रं किंवा खुणा दिल्यावर त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नाही. ११ टक्क्यांचं होतं तसंच राहिलं आणि ८९ टक्क्यांचं वाढलं. ही वाढ बहुतेक वेळा माफक होती, हेही त्यांनी लिहिलं आहे, आणि ते घरच्यांना सांगायलाच हवं. यंत्र दिलं की तोंड सुटेल असं वचन मी कोणाला देत नाही. मी एवढंच सांगते की तोंड सुटेल तेव्हा सुटेल, तोवर त्याला पोटात दुखतंय हे कोणाला तरी सांगता आलं पाहिजे.

“अजून तयारी नाही” म्हणून यंत्रच मिळत नाही

ज्यांच्या हातात अजून यंत्र आलेलंच नाही, त्यांच्यासाठी. नकार साधारण ठरलेल्या शब्दांत येतो. आधी एका जागी बसायला शिकू दे. आधी चित्रं ओळखू दे. बुद्ध्यांक कमी आहे. थोडं बोलतो की, मग कशाला? यातलं एकही कारण टिकत नाही. बोलण्यासाठी आधी पात्र ठरावं लागतं, असं आपण बोलत्या बाळाला कधी म्हणत नाही. तीव्र अपंगत्व असलेल्यांच्या संवादासाठी काम करणाऱ्या, अमेरिकेतल्या ‘नॅशनल जॉइंट कमिटी’ने १९९२ मध्ये संवादाच्या हक्कांची सनद काढली. अपंगत्व कितीही तीव्र असो, आपल्या संवादाने आपल्या जगण्यावर परिणाम घडवण्याचा मूलभूत हक्क प्रत्येकाला आहे, हा तिचा पाया. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम २ मध्ये ‘संवादा’च्या व्याख्येतच अशी पूरक आणि पर्यायी साधनं धरली आहेत, आणि कलम २१ अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचं आहे. यंत्रासाठीच्या अर्जात ही कलमं लिहा.

पण नुसत्या हक्कावर अर्ज पुढे सरकत नाही, नोंदीवर सरकतो. दोन आठवडे वही ठेवा: मुलाने काय सांगायचा प्रयत्न केला, कसा केला (ओढलं, रडलं, बोट दाखवलं), आणि तुम्हाला ते कळलं की नाही. ‘कळलं नाही’ या रकान्यात जे भरेल, तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. शक्य असेल तर दोन-तीन वेगळी यंत्रं उसनी घेऊन वापरून बघा आणि त्याचे लहान व्हिडिओ काढा. तपासणीच्या खोलीत, अनोळखी माणसासमोर मूल गप्प बसतं. घरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओत ते ‘अजून’ दाबताना दिसतं, आणि बघणाऱ्याचं मत तिथे बदलतं.

मागताना सगळं एकदम मागा. स्टँड, कीगार्ड, पडलं तरी फुटणार नाही असं कव्हर, जास्तीचा चार्जर, दुरुस्ती आणि घरच्यांना व शिक्षकांना शिकवण्याचे तास. एकटं यंत्र मंजूर झालं आणि स्टँडसाठी पुन्हा अर्ज करावा लागला, तर मधल्या काळात ते मांडीवरून पडतं. तसं झालेलं मी पाहिलं आहे. आणि हे नक्की विचारा: दुरुस्तीला गेलं तर किती दिवस, आणि तोवर मूल कशावर बोलेल?

शाळेत दप्तरातून बाहेरच निघत नाही

शिक्षकांना दोष देऊ नका, त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. जाडजूड माहितीपुस्तिका देण्यापेक्षा एकच जागा मागून घ्या. मी हजेरी मागते. नाव पुकारलं की मूल यंत्रावर ‘हजर’ म्हणेल, एवढंच. यंत्र त्यासाठी सकाळी बाकावर येतं आणि एकदा आलं की सहसा तिथेच राहतं. पुढच्या आठवड्यात गोष्टीच्या तासाला ‘परत’, मग खेळाच्या तासाला ‘माझा नंबर’. शेजारी बसणारी मुलं मोठ्यांच्या आधी शिकतात. त्यांना यंत्राला हात लावू द्या, तेही मॉडेलिंगच आहे.

कागदाची प्रत

मुख्य पानाचा स्क्रीनशॉट छापून, लॅमिनेट करून ठेवा. एक घरात, एक दप्तरात, एक अंघोळीच्या जागी. शब्दांच्या जागा त्याच, त्यामुळे बोट चुकत नाही. बॅटरी संपली, पाऊस आहे, दवाखान्यात आत न्यायला मनाई आहे, तरी मूल मुकं राहत नाही. ही काही कमी दर्जाची सोय नाही. १९७१ मध्ये टोरांटोत शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार्ल्स ब्लिस यांनी रचलेली अर्थ दाखवणारी चिन्हं तक्त्यांवर मांडून बोलू न शकणाऱ्या मुलांना भाषा दिली, तेव्हा हातात टॅब नव्हताच.

चांगलं वापरत होतं, एकदम थांबलं

ही तक्रार वेगळी, आणि इथे मी आधी मुलाचं शरीर बघायला सांगते. दात, कान, पोट, डोळे. नवं औषध सुरू झालंय का? झटके (फिट) वाढलेत का? दुखणाऱ्या मुलाकडे शब्द शोधायला ताकद उरत नाही. ‘दुखतंय’ हे बटण मुख्य पानावर आहे ना आणि त्यामागे शरीराचं चित्र आहे ना, तेही बघा.

मग घरातला बदल: नवं भावंड, नवं घर, ज्यांच्याशी ते सगळ्यात जास्त बोलायचं ते माणूस दूर गेलेलं.

आणि मग यंत्र. अपडेटने चित्रं बदलली का? कोणी पान ‘नीट’ लावलं का? दहा वर्षांची एक मुलगी तीन दिवस यंत्राकडे पाठ करून बसली होती. तिच्या काकांनी प्रेमाने सगळी बटणं विषयवार लावून दिली होती, रंगसुद्धा बदलले होते. सुदैवाने बाबांनी दोन महिन्यांपूर्वीचा बॅकअप ईमेलवर ठेवलेला होता. तो परत घातला. ती बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत राहिली, न दाबता, एकेका जागेवरून. मग ‘माझं’ दाबलं. काकांनी आणलेल्या नव्या शब्दांपैकी चार आम्ही नंतर तिला विचारून रिकाम्या जागी घातले.

बॅकअप महिन्यातून एकदा घ्या, तारीख टाकून, आणि तो त्या टॅबवर न ठेवता दुसरीकडे ठेवा.